तहानलेली होडी

माझी आत्या बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की न हलणाऱ्या जमिनीवर आपल्याला धड झोपता येत नाही आणि जेवलेलं पचतही नाही. नुसती उभी राहिली तरी पाय फाकायचे आणि एक हात वर जाऊन नसलेली दांडी शोधायचा. सकाळी न्हाणीघरापाशी ती बाबांना आणि मला रांगेत उभं करायची. मध्येच कुणी घुसलं, की "जागा नाही, मागच्या गाडीने या" म्हणून दार लावून घ्यायची.

बोलणं संपलं की टाच दोनदा आपटायची तिला सवय होती. टक् टक्. बसमधली दोरी दोनदा ओढली की गाडी सुटते, तसा आत्याच्या टाचेने विषय सुटायचा. गल्लीत तिला सगळे 'डबल बेल' म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "स्थळं सकाळच्या पाळीला यायची, मी दुपारच्या पाळीला असायचे. चुकामूक झाली."

आईने दोन महिने सोसलं. मग एक दिवस तिने फडताळ उघडलं, तर सगळ्या बरण्या उंचीप्रमाणे दोन रांगांत बसलेल्या आणि मध्ये जायला-यायला वाट.

"वन्सं," आई म्हणाली, "जन्मभर राहा इथे. पण माझ्या मसाल्यांना तिकिटं फाडू नका."

"वहिनी, गर्दी फार होती गं आत."

"माझी गर्दी आहे. मला सापडते."

त्याच संध्याकाळी ड्रायव्हरकाका आले. आत्याने नोकरीची शेवटची बरीच वर्षं ज्यांच्या गाडीवर काढली, ते हे. बायको जाऊन काळ लोटला होता, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. आत्या त्यांच्या पाठीमागे आणि ते काचेमागे, त्यामुळे दोघांची ओळख अर्धीच होती. त्यांच्या मानेवरचा तीळ आत्याला पाठ होता, डोळे कसे आहेत ते सांगता आलं नसतं. त्यांनी तिला पाहिलं ते हातभर आरशात. काका शहराबाहेरच्या तलावावर गळ टाकून मासे धरत. म्हणाले, "बाई, चला एकदा. जमीन हलती हवी ना तुम्हाला? तिथे पाणीच आहे."

आत्या गेली. काकांची होडी अरुंद, टोकदार, एका माणसाच्या मापाची. दोघांनी नारिंगी जाकिटं चढवली आणि काकांनी होडी काठालगत उभी केली. पाणी डुलवायला लागलं तशी आत्या बसल्या जागी, तोंड उघडं टाकून गाढ झोपली. जाग आली तेव्हा शेजारच्या होडीत तिला एक ओळखीचा चेहरा दिसला. कायम मागच्या दाराने चढून तिकीट न काढता उतरणारा तो फुकट्या! आत्या ताडकन उभी राहिली. "ए, पुढे ये!" एवढं म्हणेपर्यंत होडीने कूस बदलली आणि दोघं कमरेएवढ्या पाण्यात.

काकांनी आधी टोपी शोधली, ती पिळली, डोक्यावर घातली आणि मग शांतपणे म्हणाले, "बाई, उभंच राहायचं असेल तर दुसरी होडी बघा."

ते वैतागून बोलले होते. आत्याला तो सल्ला वाटला.

तलावाच्या कडेला एका सुताराची शेड होती. तो जुन्या होड्या दुरुस्त करायचा आणि विकायचा. आत्याने तिथे जाऊन जे केलं, ते त्याने आजवर कुणाला करताना पाहिलं नव्हतं. प्रत्येक होडी उथळ पाण्यात ढकलायला लावून ती आत चढायची, मधोमध उभी राहायची आणि बसने वळण घेतल्यासारखी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकायची. चकचकीत निळी होडी पहिल्याच झुकण्याला भ्यायली. मग त्याने रबराची, हवा भरायची दाखवली. आत्याने तिला बोट लावून पाहिलं. "हिच्यात बसून मी गळ सांभाळायचे? शिंप्याने सुया घेऊन फुग्यावर बसायचं म्हणा की!"

शेवटी तिची नजर शेडमागे उन्हात पालथ्या पडलेल्या एका लाकडी होडीवर गेली. रुंद, बुटकी, सपाट तळाची. दिसायला पेटीसारखी. ती बाजूला टेकवून उभी केली, तर फळ्यांच्या फटींतून पलीकडचं झाड दिसत होतं.

काका म्हणाले, "ही होडी नाही, चाळण आहे."

"रुंद आहे पण," आत्या म्हणाली. "मागच्या दाराची जागा आहे तशी."

"तळ चांगला आहे हो," सुतार म्हणाला. "तहानलेली आहे नुसती. लाकूड वाळलं की फळ्या आकसतात. आधी बुडवा तिला. पोटभर पाणी प्याली की फुगेल आणि फटी मिटतील."

त्यामुळे आत्याने घेतलेल्या होडीचा पहिला प्रवास सरळ खाली झाला. काकांनी आणि तिने मिळून होडीत दगड भरले आणि काठाजवळ ती बुडवून ठेवली. रोज आत्या तिच्याकडे बघत काठावर बसायची आणि येणारे-जाणारे गळवाले थांबायचे.

"बाई, होडी वर असते आणि पाणी खाली," एकाने शिकवलं.

"पाणी प्यायला थांबलीये," आत्या म्हणाली. "झालं की सुटेल."

घरी आईने कपाळावर हात मारला. "विकत घेऊन बुडवली? लोक निदान चालवून तरी बुडवतात."

पण सुताराचं म्हणणं खरं ठरलं. आठवड्याने दगड काढून पाणी उपसलं, तर होडी उठून तरंगायला लागली. मागच्या टोकाशी एक फट तेवढी हट्टी निघाली. तिच्यात सुताराने काथ्या ठोकला, वरून डांबर फासलं. वल्ही अडकवायच्या कड्यांना काकांनी ग्रीस लावलं, कुजलेली दोरी बदलली, नांगराऐवजी जुन्या गाडीचं एक जड लोखंडी चाक शोधून आणलं. आत्याने बाहेरून हिरवा रंग दिला आणि वाळण्याआधी हात लावून पाहिला. तिच्या पंजाचा तो ठसा अजून आहे.

गळाच्या सामानावरून मात्र दोघांचं चांगलंच वाजलं. काकांच्या डब्यात मोजक्या वस्तू, प्रत्येक आपल्या जागी. बाहेर पडण्याआधी ते फिरकीत तेलाचा एक थेंब सोडायचे, दोरा दोन बोटांतून ओढत कुठे खरखरतो का ते बघायचे आणि खरखरला की तेवढा कापून टाकायचे. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचे. रुतलं तर ठीक, घसरलं तर कानशीने धार. उलट आत्या दुकानात गेली आणि दिसेल ते घेऊन आली. चमचमत्या पत्र्या, रबरी बेडूक, पिसांच्या माश्या, काठीला बांधायची घंटी. डब्यात हात घालून एक गळ उचलावा, तर सहा-सात जण एकमेकांचे हात धरून वर यायचे.

"हे बेडूक माशांसाठी नसतात," काका म्हणाले. "दुकानात येणाऱ्यांसाठी असतात. तुम्ही गिळलात."

"एवढे आहेत तर एखादा मासाही गिळेल."

काकांनी एक दुपार घालवून सगळा गुंता सोडवला, गळ बुचाच्या तुकड्यात एकेक करून टोचले आणि डबा पुढे केला. "प्रवाशांना जागेवर बसवलंय. उभं कुणाला ठेवू नका."

मग एका सकाळी दोघं हिरव्या होडीतून निघाली. वल्ही काकांकडे. वल्हवणारा माणूस पाठ पुढे करून बसतो, हे आत्याला माहीत नव्हतं. काका तिच्यासमोर, तोंडाला तोंड येईल असे बसले आणि होडी चालली त्यांच्या पाठीकडे.

"वल्हवण्यात हाच एक त्रास," ते म्हणाले. "पुढचं दिसत नाही. सारखी मान वळवावी लागते."

"मी आहे ना. घ्या डावीकडे."

"तुमचं डावं की माझं?"

हा प्रश्न सुटेपर्यंत होडी लव्हाळ्यात घुसली होती. ती बाहेर काढताना काका थांबले आणि आत्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"बाई, भुवईवर तो व्रण कसला?"

"तुमचाच. ती सायकल आडवी आली होती, आठवतं? तुम्ही जोरात ब्रेक मारला, मी दांडीवर आपटले."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही मागे बघत नव्हता. बघायचंच नव्हतं तुम्ही. गाडीत माणसं होती."

काकांनी वल्ही आत घेतली. बराच वेळ त्यांनी गळही टाकला नाही. आत्याने मला हे सांगितलं तेव्हा ती नेहमीसारखी हसली नाही, उगाच पदराला गाठ मारत बसली.

मासे मात्र येईनात. आत्याच्या बडबडीने पळतात असं इतर गळवाल्यांचं ठाम मत होतं. काकांनी दोन-तीन सकाळी नीट लक्ष दिलं आणि वेगळंच निदान केलं. बोलण्याचं माशांना काही नव्हतं. त्यांना पळवत होती ती टाच. आत्याची गोष्ट संपायची, टक् टक् व्हायचं, आणि तो ठोका लाकडातून थेट पाण्यात जायचा. काकांनी होडीच्या तळावर जुनी सतरंजी कापून अंथरली. त्या दिवशी आत्याला पहिला मासा लागला, तळहाताएवढा. तिने तो परत सोडला. "अर्ध्या तिकिटाचा आहे," म्हणाली.

इकडे गल्लीत कुजबुज सुरू झाली. दोघंच जातात, रोज जातात, आणि आणत तर काही नाहीत! कुजबुज आईच्या कानावर आली. आईचा आत्यावर विश्वास होता, पण गल्लीवर नव्हता. "उद्यापासून मी येते," ती म्हणाली. "घरचं माणूस बरोबर असलं की तोंडं बंद."

आई आली ती पर्स, छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन. जाकीट साडीवर बसेना, म्हणून ती आधीच चिडलेली. होडीत मधोमध बसली आणि दोघांकडे परीक्षेतल्या बाईसारखी बघत राहिली. आत्याला चहा ओतायचा होता. "वहिनी, एवढी काठी धर जरा. नुसती धर, काही करू नकोस."

आईने नुसती धरली. आणि काठी वाकली.

"वन्सं! कुणीतरी ओढतंय!"

"मासा आहे! सोडू नकोस!"

"मी कशाला सोडू? तोच सोडत नाहीये!"

काका सांगत होते, "दोऱ्याला ढील द्या, ढील द्या," आणि आई दात-ओठ खाऊन फिरकी उलटी-सुलटी फिरवत होती. मासा होडीखालून पलीकडे गेला. आत्या उभी राहिली, आई उभी राहिली, दोघी एकाच बाजूला झुकल्या. काकांनी एका हाताने टोपी धरली आणि डोळे मिटले. पण पेटीसारखी ती होडी जराशी कलली आणि थांबली. एव्हाना मासा दमून वर आला होता. चांगला हातभर लांब, सोनेरी पोटाचा. जाळी? जाळी काठावर राहिली होती. आईने काठी आत्याच्या हातात कोंबली, छत्री उघडली, उलटी करून पाण्यात घातली आणि मासा उचलला. छत्रीच्या दोन काड्या मोडल्या. मासा आईच्या पायाशी सतरंजीवर येऊन पडला.

तिघंही धापा टाकत होती. आई वाकून माशाकडे बघत राहिली. "असा काय बघतोय हा माझ्याकडे?" ती म्हणाली. मग दोन्ही हातांनी त्याला उचलून तिने हळूच पाण्यात सोडला, आणि लगेच म्हणाली, "परत टाका ना तो गळ."

त्यानंतर आईला आवरणं कठीण झालं. पहाटे उठून ती बागेत गांडुळं खणायची. फिरकीला तेल घालायची. 'घरचं माणूस' म्हणून आलेल्या आईने होडीचा ताबाच घेतला. तिला वल्हवायचंही स्वतःच होतं. काठाजवळ ती गोल गोल फिरत राहायची आणि आत्या-काका काठावर बसून तिच्यावर लक्ष ठेवायचे.

असंच एकदा बसलेले असताना काका म्हणाले, "बाई, माझं घर मोठ्या रस्त्याला लागून आहे. ट्रक गेला की जमीन हलते, भांडी वाजतात. पाहुणे एक रात्र राहिले की पळतात." मग टोपी सारखी करत म्हणाले, "तुम्हाला बरं वाटेल, असं वाटलं."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तलावात आई ओरडत होती, "अहो, हे डावं कुठलं?" दोघांनीही लक्ष दिलं नाही.

"आधी उभी राहून बघते," आत्या म्हणाली.

ती खरंच गेली. खोलीच्या मधोमध पाय फाकून उभी राहिली आणि वाट बघत राहिली. काका दारात. रस्त्यावरून एक लांबलचक ट्रक गेला. खिडकीची तावदानं थरथरली, कपाटातली वाटी सरकली, जमिनीतून एक गुरगुर पायात चढली. आत्याने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "त्या कपाटातली भांडी नीट लावायला लागतील."

लग्न नोंदणी कार्यालयात व्हायचं ठरलं. साक्षीदार म्हणून सुतार, बाबा आणि आई. वेळ झाली तरी आईचा पत्ता नाही. बाबा दारात येरझारा घालत होते, कारकून घड्याळ बघत होता, आत्या नव्या साडीत रस्त्याकडे बघत उभी. शेवटी आई धावत आली. चपला ओल्या, केसात लव्हाळ्याचं एक पातं.

"कुठे होतीस?" बाबा ओरडले.

"लागत होते हो," आई म्हणाली. "उठवेना."

तिने पेन घेतलं आणि साक्षीदाराच्या रकान्यात झोकात सही ठोकली. कारकुनाने कागद पुढ्यात ओढला, नाक मुरडलं आणि कसला वास येतोय म्हणून टेबलाखाली वाकून बघितलं. "गांडुळांचा," आई म्हणाली. मग आत्याकडे वळली. "वन्सं, सुखाने नांदा. होडी मात्र सध्या माझ्याकडे राहू दे."