मागे कुणीतरी बोलतंय

सासूबाईंची नजर गेली तेव्हापासून त्या जाईपर्यंत, चार वर्षं, वहिनी त्यांना रोज दुपारी वाचून दाखवायची. वर्तमानपत्र, मासिकं, लायब्ररीतल्या कादंबऱ्या, वेळ पडली तर औषधाच्या बाटलीवरच्या सूचनासुद्धा. सासूबाई खाटेवर पडून ऐकायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "नीट वाच गं, दात दुखतायत का?" कौतुक त्यांनी कधी केलं नाही, पण वाचन बंद कर असंही कधी म्हणाल्या नाहीत. त्या घरात जेवणाबद्दल कोणी बोललं तर मीठ चुकलं म्हणूनच बोलायचं. तेव्हा गप्प राहणं म्हणजे शाबासकी, असं वहिनीने धरून चाललं होतं.

तिला सगळे वहिनीच म्हणत. नणंद म्हणायची म्हणून शेजारी म्हणू लागले, आणि नवराही चारचौघांत "थांबा, तुमच्या वहिनीला विचारतो" असंच म्हणायचा. नणंद दोन गल्ल्या सोडून राहायची आणि दुपारचा चहा भावाकडे घ्यायची. भाऊ निवृत्त झाल्यापासून तर तिचा नेम चुकत नसे.

सासूबाई गेल्या आणि वहिनीच्या दुपारी मोकळ्या पडल्या. हात कामाला लागायचे, पण घसा रिकामा. एकदा लायब्ररीत पुस्तक बदलायला गेली तेव्हा फळ्यावर चिठ्ठी दिसली. अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करायला वाचक हवेत, मानधन नाही, शिकवलं जाईल, मागच्या इमारतीतल्या केंद्रात भेटा. तिने ती दोनदा वाचली आणि तशीच मागच्या इमारतीत गेली.

तिथे दोन खोल्या होत्या. एका खोलीच्या भिंतींना, आवाज घुमू नये म्हणून, जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधे टेबल आणि माईक. दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटरसमोर एक पन्नाशीचा माणूस बसला होता. त्याला तिथे मास्तर म्हणत. मास्तर जन्मापासून आंधळे. कॉम्प्युटरचा पडदा बघायची गरजच नसल्यामुळे त्यांनी तो भिंतीकडे फिरवून ठेवला होता. पडद्यावरचं वाचून दाखवताना कॉम्प्युटर त्यांच्या कानात इतक्या वेगाने बडबडायचा की वहिनीला तो चिडलेला डास वाटला.

मास्तरांनी तिच्याकडून एक पान वाचून घेतलं आणि विचारलं, "वाक्य संपवायची एवढी घाई का करता? कोणी मधेच तोडणार आहे का?"

वहिनी हसली. "घरची सवय हो."

"इथे कोणी तोडत नाही. वाक्याची शेपटी गिळू नका. आणि 'जगात जगणं' म्हणताना दोन्ही 'ज' एकच काढलेत. माणूस 'जगात' असतो तो 'ज' वेगळा आणि 'जगतो' तो वेगळा. परत म्हणा."

पुढचे काही आठवडे ती 'चार' आणि 'चारा' घोकत भांडी घासत होती. तोंड माईकपासून वीतभर लांब, आणि थोडं तिरकं, म्हणजे 'प' आणि 'फ' माईकवर आपटत नाहीत. ओठ सुकले की जिभेचा चटचट आवाज येतो, म्हणून घोटघोट पाणी. चुकलं की चुटकी वाजवायची, वाक्य पहिल्यापासून घ्यायचं, आणि नंतर कापताना चुटकीपाशी थांबून चुकलेला तुकडा काढून टाकायचा. कापलेल्या जागी नुसतं शून्य ठेवायचं नाही, कानाला खड्ड्यात पाय गेल्यासारखं वाटतं. तिथे त्याच खोलीतली शांतता भरायची. त्यासाठी सुरुवातीला थोडा वेळ काही न बोलता ध्वनिमुद्रण चालू ठेवायचं. वहिनीला हे फार आवडलं. काही न बोलता बसणं हेही काम आहे, असं तिला पहिल्यांदाच कोणी सांगितलं होतं.

केंद्राची खोली इतरांनाही लागे, म्हणून मास्तरांनी तिला एक माईक घरी नेऊ दिला. मुलीचा जुना लॅपटॉप होताच. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात होती. वहिनीने सासूबाईंच्या खोलीत ठाण मांडलं. दाराला रजई टांगली, खिडकीत उशा कोंबल्या, कपाटाचं दार उघडून साड्यांकडे तोंड करून बसली. पुस्तक होतं दीपगृहावर आयुष्य काढलेल्या एका रखवालदाराच्या आठवणींचं.

"आईच्या खोलीचं गोदाम केलंस की गं," नणंद म्हणाली.

"फुकटची हौस," नवरा म्हणाला. "दुपारी मी जरा आडवा होतो, तेवढं बघ. घर डोक्यावर घेऊ नकोस."

म्हणून वहिनी हळू आवाजात वाचायची. त्यामुळे मुद्रण बारीक येई, म्हणून ती माईकच्या आवाजाचं बटण चढवून ठेवायची. हेडफोन लावून सगळं पहिल्यापासून ऐका, असं मास्तरांनी बजावलं होतं. पण स्वतःचा आवाज कानात शिरला की तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. ती फक्त चुटकीपाशी जायची, चूक कापायची आणि पुढे सरकायची. सहा भाग असेच गेले. मास्तरांनी किरकोळ चुका काढल्या, एकदा "बरं आहे" असंही म्हणाले. त्या दिवशी ती रिक्षा न करता चालत घरी आली.

सातव्या भागानंतर मास्तरांचा फोन आला. एरवी ते भराभर चुका सांगायचे. आज अडखळले. "बाई, सातव्यात मागे कुणीतरी बोलतंय. वादळाची रात्र आहे ना, तिथे. तुम्ही स्वतः ऐका. हेडफोन लावून."

"पुसता येईल का?"

"नाही. तुमच्या आवाजाखाली आहे ते. परत वाचावं लागेल." आणि फोन ठेवला.

वहिनीने हेडफोन लावले. वादळ, लाटा, दिव्याची काच फुटते. तिचा स्वतःचा आवाज, आणि त्याच्या मागे, रजईपलीकडून, नणंदेचा. आधी काही कळेना. तिने आवाज वाढवला.

"...आईला तर शेवटी शेवटी हिच्या वाचनाचा वीट आला होता. मला म्हणायची, ही बया एकदाची थांबली की माझा डोळा लागतो."

मग नवरा हसला. ते हसणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. "वाचू दे गं. तेवढा तासभर तोंड आपल्याकडे नसतं. आणि गिऱ्हाईक तरी कसं शोधलंय, आंधळे! उठून पळणार कुठे बिचारे?"

तिथे परिच्छेद संपत होता. वहिनी पान उलटायला थांबली होती, त्यामुळे 'बिचारे' आणि त्यानंतरचा चहाच्या कपाचा आवाज अगदी स्वच्छ आला होता.

तिने ते तीनदा ऐकलं. मग तिच्या लक्षात आलं की हे तिच्याआधी मास्तरांनी ऐकलंय, आणि तिने हेडफोन काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, दारात पोचल्यावर सगळं विसरली. "मास्तर, त्यांच्या वतीने मी..."

"तुम्ही कशाला माफी मागता? सवय आहे आम्हाला. पुस्तक ऐकणाऱ्यांच्या कानावर जायला नको, म्हणून कळवलं." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि खरंच आहे, आम्ही पळत नाही."

हसावं की नाही, ते तिला कळेना. मास्तर हसले नव्हते.

"एक विचारू? खरं सांगा. मी वाचते ते कंटाळवाणं होतं का?"

मास्तरांनी मान तिच्या दिशेला वळवली. "मधेमधे होतं. तुम्ही परवानगी मागितल्यासारखं वाचता. ऐकणाऱ्याला सारखं 'हो, वाचा' म्हणावंसं वाटतं. त्याने दमायला होतं."

मास्तरांनी समजूत काढली नाही. ते पुन्हा कामाला लागले आणि ती घरी आली.

चार दिवस तिने तोंडाला कुलूप लावलं. पाचव्या दिवशी चहाच्या वेळी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि हेडफोनची पिन काढून तो तुकडा मोठ्याने लावला. नवरा कान देऊन ऐकत राहिला. "हा कोण बोलतोय?" त्याने सहज विचारलं. स्वतःचा आवाज त्याला ओळखूच आला नाही. नणंदेने मात्र ओळखला, तिचा कप बशीवर वाजला.

मग नवऱ्याला उलगडा झाला आणि तो उठूनच उभा राहिला. "म्हणजे आमचं बोलणं रेकॉर्ड करतेस तू? माझ्याच घरात माझ्यावर पाळत?"

"मी पुस्तक वाचत होते. तुम्ही बोलत होतात."

"अगं, थट्टेत बोलतो माणूस! चार भिंतींतलं बोलणं असं चव्हाट्यावर आणायचं असतं?"

"मास्तरांनी ऐकलं ते. ते आंधळे आहेत."

"मग? आंधळ्याला आंधळा म्हटलं, त्यात काय बिघडलं?"

नणंद पदराने डोळे पुसत होती. "आईच्या खोलीत बसून... आईच्या खोलीत बसून हे धंदे."

वहिनी तिच्याकडे वळली. तिला खरं तर एवढंच विचारायचं होतं, बाकीचं सगळं त्यासाठीच होतं. "त्या खरंच असं म्हणाल्या होत्या?"

"मी कशाला खोटं बोलू?"

"कधी म्हणाल्या? कशावरून?"

"आता मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेणार का तू?" नणंद उठली, चपला घातल्या आणि गेली. चहा तसाच राहिला.

वहिनी खोलीत जाऊन बसली. चार वर्षं ती उलटसुलट करून बघू लागली. सासूबाई डोळे मिटून पडलेल्या असायच्या. ऐकत होत्या की झोपल्या होत्या? की ती थांबायची वाट बघत होत्या? "नीट वाच" म्हणजे नीट वाच, की पुरे कर? ज्यांना विचारायचं त्या नव्हत्या. नणंद खोटं बोलत असली तरी ते आता कळणार नव्हतं, आणि खरं बोलत असली तरी नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"आई, कशाला गं ते ऐकवलंस? बाबांना किती लागलंय. आत्याही रडत होती."

"आणि मला?"

"तुला माहितीये ना ते कसे बोलतात? इतक्या वर्षांनी आता कसलं मनाला लावून घेतेस? सोडून दे."

वहिनीने "बरं" म्हटलं. आपल्या 'बरं'ची शेपटी आपण गिळली, हे तिचं तिलाच ऐकू आलं.

पुढे घराची रीतच बदलली. वहिनी खोलीत आली की बोलणं थांबायचं. नवरा फोन घेऊन गॅलरीत जायचा. नणंद चहाला यायची ती बैठकीत न बसता अंगणात बसायची, आणि पाहुण्यांना डोळ्यांनी खुणावायची, जपून बोला. नातेवाइकांत पसरलं की वहिनी घरात यंत्र लावून सगळ्यांचं बोलणं टिपते. एका लग्नात जावेने तिची पर्स बघून हसत विचारलं, "चालू आहे का?"

तिने सातवा भाग पुन्हा वाचला. बटण चढवलं नाही, मोठ्याने वाचला. नवरा झोपला होता की जागा होता, तिने पाहिलं नाही. मास्तरांनी ऐकून कळवलं, "मुद्रण स्वच्छ आहे. मागे काहीच नाही." वाचनाबद्दल ते बोलले नाहीत आणि तिने विचारलं नाही.

पुस्तक पूर्ण झालं. सगळ्यात शेवटी सुरुवात मुद्रित करायची असते: पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, वाचकाचं नाव. स्वतःचं नाव घेताना ती अडखळली. वर्षानुवर्षं ते कोणी हाकेला वापरलं नव्हतं. बँकेत आणि दवाखान्यात तेवढं कागदावरून पुकारायचे. सातआठ चुटक्या वाजवल्यावर ते एकदाचं सरळ आलं, तरी परक्या बाईचं वाटलं. तिने तसंच ठेवलं.

केंद्राने पुस्तक यादीत लावलं. महिनाभराने एका ऐकणाऱ्याचा निरोप आला. त्याला दीपगृहाचं काही विशेष वाटलं नव्हतं. या बाई परीक्षेची पुस्तकं वाचतील का, आणि वाचताना जरा भराभर वाचतील का, असं त्याने विचारलं होतं. वहिनीने अर्थशास्त्राचं जाडजूड पुस्तक घरी आणलं. त्यात वादळं नव्हती, तक्ते होते.

नवऱ्याचा राग हळूहळू उतरला. पाहुण्यांसमोर तो सांगू लागला, "आमच्या हिचं पुस्तक निघालं बरं का, बोलतं पुस्तक!"

"तुम्ही ऐकलंत?" कोणी विचारायचं.

"मला काय, जन्मभर ऐकतोच आहे," असं म्हणून तो टाळीसाठी हात पुढे करायचा. वहिनी पाण्याचे पेले उचलून आत जायची.

त्याची एकच तक्रार राहिली. ती त्याने मुलीला फोनवर, वहिनीसमोरच, ऐकवली. "तुझी आई हल्ली बोलतच नाही घरात. विचारलं तेवढ्याचं उत्तर. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं." मग त्याने फोन तिच्या हातात दिला.

"काय गं आई," मुलगी म्हणाली, "का बोलत नाहीस बाबांशी?"

"घसा जपावा लागतो," वहिनी म्हणाली, आणि अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन खोलीत गेली.