बाईंच्या घरची कासवं

आमच्या घरात रिकामं झालेलं काहीही फेकता येत नाही. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, बाटल्यांची झाकणं, काडेपेट्या, फाटके मोजे, कागदी कप, लोकरीचे तुकडे, या सगळ्यावर माझ्या बहिणीचा हक्क असतो. ताई बालवाडीत बाई आहे. दिसेल ते उचलून पिशवीत कोंबते म्हणून तिथली पोरं तिला खारूताई म्हणतात, आणि ते तिला आवडतंही. मी घरातच बसून कपडे शिवते, त्यामुळे माझ्या चिंध्याही तिच्या नजरेतून सुटत नाहीत. एकदा एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही मी कापून बाजूला ठेवली होती, तिचे सशाचे कान झाले. त्या गिऱ्हाइकाची समजूत मी कशी घातली ते माझं मला माहीत.

प्राणी करायला काही लागत नाही, असं ताई नेहमी सांगते. अंड्यांच्या ट्रेचा एक खळगा कापून पालथा घातला आणि खालून पुठ्ठ्याचे पाय चिकटवले की कासव. तेच खळगे न कापता ओळीने ठेवले की सुरवंट. मोज्यात कापूस भरून दोन गाठी मारल्या की ससा. कागदी कपाला कान आणि लोकरीची शेपटी लावली की मांजर. खरंच काही लागत नाही. फक्त खोलीभर पोरांसमोर उभं राहायला एक बाई लागते. एक पोरगं गोंद खातं, दुसरं तो शेजारणीच्या केसांना लावतं, तिसरं शेजाऱ्याच्या मांजराने आपल्याकडे बघितलं म्हणून भोकाड पसरतं. दुपारी ताई घरी येते तेव्हा तिच्यात काही उरलेलं नसतं. चपला काढायला ती खुर्चीत बसते आणि चपला न काढताच बसून राहते. कात्री चालवून चालवून तिच्या उजव्या हाताचा अंगठा आता वाकत नाही. चहाचा कप ती दोन्ही हातांनी उचलते, आणि मी बघितलं की रागावते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण पिशवीतून ती पोरांचे प्राणीही घरी आणते. ते नीट करायला.

ही त्यांच्या बालवाडीची रीत आहे. पोरांनी केलेला प्राणी त्याच दिवशी घरी जात नाही. आधी तो बाईंकडे जातो, आणि दुसऱ्या दिवशी पोराच्या हातात पडतो. मधल्या वेळात बाईंनी वाकडे कान सरळ करायचे, वाहिलेला गोंद खरवडायचा, राहिलेले डोळे लावायचे. पोरांच्या आयांना घरी चांगलं दिसणारं मांजर लागतं. एकीचं देखणं आणि दुसरीचं तिरपागडं दिसलं की दुसरी आई दारात येऊन तोंड वाजवते, आमच्याच पोराकडे लक्ष नाही म्हणते. म्हणून मोठ्या बाईंनी सगळ्यांना सांगून टाकलंय, फिनिशिंग झाल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही. आता फिनिशिंग हा माझ्या धंद्यातला शब्द. त्यामुळे ताईचा अंगठा अडला तसे माझे हात त्यात आपोआप गेले. दिवसभर मी काज-बटणं करायची आणि संध्याकाळी हत्तींना सोंडा लावायच्या. किती तरी संध्याकाळी आम्ही दोघींनी घरच्या टेबलाशी अशाच काढल्या. ताई तर पुष्कळदा जुनं सगळं सोलून नव्यानेच चिकटवायची. दमून तिचे डोळे मिटायचे, पण एक जरी सोंड वाकडी गेली तरी तिला चैन पडायचं नाही.

मग एका सकाळी दार वाजलं. बालवाडीला सुट्टी होती आणि ताई अजून अंथरुणातच होती. ती तशीच उठून माझ्यामागे दाराशी आली. दारात पिटुकली उभी होती. वर्गातली ही सगळ्यात बुटकी मुलगी, तिचं हे नाव ताईनेच ठेवलेलं. मागे तिची आई, केस विस्कटलेले, कपाळाला आठ्या.

"बाई, रागावू नका," आई म्हणाली. "आम्ही आजच गाव सोडून चाललोय. यांची बदली झालीय. सामान टेम्पोत भरून झालं, ड्रायव्हर खोळंबलाय आणि ही गाडीत बसायलाच तयार नाही. म्हणते, माझं कासव बाईंच्या घरी आहे, ते घेतल्याशिवाय मी येणार नाही. अहो, कासव तिच्या हातात आहे. मी सांगून सांगून हात टेकले."

पिटुकलीच्या हातात खरंच कासव होतं. मी ते लगेच ओळखलं. हिरवी पाठ, चारी पाय सारखे, टिकल्यांचे दोन डोळे. ताईच्या हातची सफाई त्यात दिसत होती.

"अगं, हेच तर तुझं," ताई म्हणाली.

"हे तुमचं आहे," पिटुकली म्हणाली. "माझं आत आहे." आणि ती आईचा हात सोडून सरळ आमच्या घरात शिरली. टेबलाखाली वाकून बघितलं, माझ्या मशीनमागे बघितलं, कपाटाच्या फटीत डोकं घातलं. ती हाका मारत नव्हती, शांतपणे शोधत होती. मला आधी हसू आलं. ताईला आलं नाही.

"कसं होतं गं तुझं?" ताईने विचारलं.

"त्याला डोकं नव्हतं."

ताई भिंतीला टेकली. "मला वाटलं, तू लावायला विसरलीस."

"मी नाही विसरले. त्याने आत घेतलं होतं. त्याला टेम्पोत बसायची भीती वाटत होती."

पिटुकलीच्या आईने वळून पोरीकडे बघितलं. मला वाटतं, कासवाला कशाची भीती वाटत होती ते तिलाही तेव्हाच कळलं. गेले काही दिवस त्या घरात भांडी कागदात गुंडाळली जात असणार, आणि पोरीला कुणी काही विचारलं नसणार.

ताई खाली जमिनीवर बसली. गुडघे धरून, हळूहळू. तिने ते कासव हातात घेतलं आणि डोकं उपटायला लागली. अंगठा साथ देईना. मी पुढे झाले तर तिने मला हातानेच थांबवलं. शेवटी दातांत धरून ओढलं. डोकं निघालं, पण आमचा गोंद पक्का, पाठीचा तुकडाही सोबत आला. पुढच्या बाजूला मोठं भोक पडलं.

"हे तुझंच आहे बाळा," ताई म्हणाली. "मीच त्याला डोकं लावलं होतं. माझं चुकलं."

पिटुकलीने कासव डोळ्यांजवळ नेलं, भोकातून आत बघितलं. आत अर्थातच काही नव्हतं. तिने ते परत दिलं नाही, रडलीही नाही. पोरं रडली की ताई बरोबर सांभाळते, तेवढं तिला येतं. ही रडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"मग बाकीच्यांची?" तिने विचारलं.

"बाकीच्यांची काय?"

"सगळ्यांची खरी इथेच असतात ना? मांजरं, हत्ती. तुम्ही आमची ठेवून घेता आणि आम्हाला तुमची देता. सगळ्यांना माहितीये."

आमच्या घरात मशीन होतं, दोन खाटा होत्या, टेबलावर आदल्या दिवशीच्या बदकांची पिशवी होती. पोरगी त्या खोलीकडे अशी बघत होती, जणू इतक्या वर्षांचे सगळे प्राणी कुठल्या तरी भिंतीमागे दाटीवाटीने राहत असतील. आपला प्राणी बाईंना इतका आवडतो की त्या तो परत देत नाहीत, असं त्या पोरांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. आम्ही त्यांची सोलून फेकत होतो. मला खोटं बोलायची फार इच्छा झाली. माळ्यावर आहेत म्हणून सांगितलं असतं तर ती आनंदाने गेली असती.

"नाहीत गं," ताई म्हणाली. "इथे कुणाचंच नाही."

पिटुकलीने मान हलवली. आईने तिला कडेवर घेतलं, घाईघाईत ताईचे आभार मानले आणि दोघी जिना उतरल्या. दार उघडंच होतं. अर्ध्या जिन्यातून पोरीचा आवाज वर आला, अगदी साधा, बातमी सांगितल्यासारखा.

"आई, बाईंनी सगळ्यांची संपवली."

ताई तशीच जमिनीवर बसून होती. मी दार लावलं, चहा टाकला, कप तिच्यासमोर ठेवला. तिने तो उचलला नाही. रोजचा थकवा मला ओळखीचा आहे, तो जेवण झालं की निम्मा उतरतो. हा वेगळा होता. दिवसभर पोरांनी दमवलं असं आम्ही म्हणत आलो, पण पोरं दुपारीच घरी जायची. त्यांनी केलेलं मोडण्यातच तिच्या संध्याकाळी गेल्या होत्या, आणि बरोबरीने माझ्याही.

बऱ्याच वेळाने ती उठून टेबलाशी आली. सवयीने मी गोंदाची बाटली तिच्याजवळ सरकवली. तिने पिशवीतून एक बदक काढलं. त्याची चोच शेपटीच्या जागी होती. एरवी ती चोच एव्हाना निघाली असती. ताईने बदक उजेडात धरून सगळीकडून बघितलं.

"याच्या मनात काय असेल गं?" तिने मला विचारलं.

"मला कसं कळणार?"

"मलाही कळत नाही," ती म्हणाली. तिने ते बदक होतं तसंच पिशवीत ठेवलं आणि बाटलीचं झाकण लावायला मला सांगितलं, कारण तिच्या अंगठ्याने ते लागत नव्हतं.