चढ आला की उतरायचं

बाजारात त्याला सगळे थर्मामीटर म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. शिलाई मशीन दुरुस्त करणारा हा माणूस एका जुन्या व्हॅनमधून गावोगाव हिंडायचा. व्हॅनचं इंजिन मागे, आणि ते थंड व्हायचं वाऱ्यावर. पाणी नाही, रेडिएटर नाही, नुसता एक पंखा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी एका चढावर ते तापून जाम झालं आणि यानं कानाला खडा लावला. भंगारातून तापमानाचा काटा आणून समोर ठोकला. बायकोनं हौसेनं घेतलेली नेलपॉलिशची बाटली उचलली आणि काट्याच्या काचेवर लाल रेघ ओढली. बाटली मग टूलबॉक्समध्येच राहिली. तिनं मागितली नाही, यानं दिली नाही.

कायदा एकच. काटा रेघेला टेकला की गाडी थांबायची आणि बायकोनं उतरून चढ पायी चढायचा, तेवढंच ओझं कमी. मशिनी मात्र उतरायच्या नाहीत, त्या जड ना! ऊन असो, पोटात सातवा महिना असो, ती मुकाट उतरायची. ती वर पोचेपर्यंत हा मागचं झाकण फळीनं टेकवून इंजिनाला वारा घालत बसलेला असायचा. इंजिनाला त्यानं तळहाताच्या फोडासारखं जपलं, हे खोटं नाही.

गॅरेजवाल्यानं दहादा समजावलं होतं. अरे बाबा, चढावर खालचा गिअर टाक, इंजिन जोरात फिरलं की त्याच्यासोबत पंखाही जोरात फिरतो. तू वरच्या गिअरमध्ये रेटतोस म्हणून तापतं. लेक गाडी शिकली तेव्हा तिनंही तेच सांगितलं. पण खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडायचं आणि याच्या काळजाला घरं पडायची. ओरडणं म्हणजे दुखणं, असा त्याचा हिशोब. बायको कधी ओरडली नाही, तेव्हा तिला काही दुखत नसणार.

पंचवीस वर्षांनी तिला धाप लागू लागली. वजन वाढलंय, हे निदान यानंच केलं आणि चढ बरे तुला, असंही वर सुनावलं. शेवटी डॉक्टरांनी तपासलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं की हृदय पार थकलंय, उद्याच टेकडीवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, आणि तोवर यांना एक पायरीसुद्धा चढायला लावू नका. यानं मान डोलावली. रिक्षा करू या का, असं तिनं एकदा भीतभीत विचारलं. घरची गाडी असताना रिक्षा कशाला, म्हणाला.

सकाळी निघाले. लेक परस्पर हॉस्पिटलात जाऊन थांबणार होती. मागच्या चार मशिनी उतरवायचा याला कंटाळा. टेकडीच्या मध्यावर काटा रेघेला टेकला आणि यानं गाडी कडेला घेतली. सांगायची गरजच नव्हती. तिचा हात आपसूक दाराच्या कडीवर गेला. तेव्हा नुसतं ‘बस गं’ म्हटलं असतं मेल्यानं, तरी पुरे होतं.

"सावकाश ये," तो म्हणाला. "वर थांबतो."

वर जाऊन झाकण उघडलं. वारा घालायला हाताशी काही नव्हतं, म्हणून तिच्या तपासण्यांची फाईल घेतली. थोड्या वेळानं एक पोस्टमन सायकल ढकलत वर आला. खाली वळणावर एक बाई बसलीय, बरं दिसत नाही तिचं, तुमच्यासोबतची का, असं त्यानं विचारलं. आलोच दोन मिनिटांत, हा म्हणाला, गरम इंजिनाला लगेच छेडायचं नसतं. पोस्टमन सायकल वळवून खाली गेला. दोन मिनिटांची दहा झाली.

इंजिन निवल्यावर व्हॅन खाली आणली, तेव्हा ती कठड्याला टेकून बसलेली होती. चप्पल एकाच पायात. पोस्टमननं तिचं मनगट धरलं होतं, त्यानं नकारार्थी मान हलवली. हॉस्पिटलात वाट बघून बघून लेकही पायीच खाली आली होती. पोस्टमनच्या मदतीनं तिनं आईला मशिनींच्या मधे निजवलं, बापाला पुढे बसवलं आणि स्टिअरिंग स्वतः धरलं.

तिनं खालचा गिअर टाकला आणि पाय दाबूनच ठेवला. इंजिन किंचाळू लागलं. वरचा टाक, असं म्हणायला यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तोच चढ, त्याच चार मशिनी, आता माणसं तीन, आणि काटा रेघेच्या बोटभर अलीकडे उभा. पुढच्या वळणावर तर तो आणखी खाली आला.

"बाबा, आईचं डोकं धरा," लेक म्हणाली. "आपटतंय."

त्याला ऐकू आलं. पण काट्यावरची नजर काही हलेना. हॉस्पिटलच्या दारापर्यंत मागे ते डोकं मशीनवर आपटत राहिलं.