माझ्या हातचा बूश

खोपोलीच्या कारखान्यात मी स्टोअर्सचा कारकून होतो. माझ्या खिडकीशी लोखंड कातणारे टर्नर लोक तेलकट हातांनी सामान मागायला यायचे आणि मी त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवायचो. काय तर म्हणे कारागीर! मशीन फिरतं, लोखंड आपोआप सोललं जातं, त्यात अक्कल कसली? एवढं डोकं चढलं होतं माझं. त्याच गुर्मीत भंगारवाल्याकडून एक जुनं लेथ मशीन उचललं, टेंपोत घालून नेरळला घरी आणलं आणि रिकाम्या गोठ्यात मांडलं. शिकवायला कुणी नको, आपलं आपण शिकू.

पहिल्याच रविवारी, लोखंड पकडणाऱ्या चकमध्ये चावी तशीच ठेवून मी बटण दाबलं. चावी सुटली ती कौल फोडून शेजारच्या परसात. शेजारीण किंचाळली, "मेल्या, माणसं मारतोस काय रं?" मी मनात तिलाच अडाणी ठरवलं. पुढचे तीन महिने नुसतं लोखंड नासत होतो, आणि स्वतःला मिस्त्री म्हणवून घेत होतो.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या आळीतला एक जण रिक्षाचं चाक आसासकट डोक्यावर घेऊन माथेरानहून पायवाटेनं उतरला. तो वर हातरिक्षा ओढायचा. चाकाच्या मधोमध बसणारी पितळी नळी, म्हणजे बूश, पार झिजली होती. चार दिवसांत दिवाळीचं गिऱ्हाईक येणार. तोवर चाक फिरलं नाही तर त्याचा हंगाम गेला. बिचारा कर्जतच्या लेथवाल्याकडं निघाला होता. मीच आडवा गेलो.

"त्या ठोक्यांकडं कशाला जातोस? ठेव इथं."

"जमंल ना, दादा? टायम नाय हाय."

"अरे, मला विचारतोस?"

रजा टाकून कामाला बसलो. पहिला बूश आसावर लोण्यासारखा सरकला. मी मिशीला पीळ भरला. मग तो चाकात ठोकून बसवला, तर आस आत शिरेचना! बाहेरून आवळला की आतलं भोक बारीक होतं, हे शेंबड्या टर्नरलाही ठाऊक असतं. मला नव्हतं. दुसऱ्याचीही तीच गत झाली. तोवर तिसरा दिवस उजाडला. मग तिसरा बूश आधीच सैल केला आणि वर आतून कानसही फिरवली. बसला एकदाचा, पण चाक धरून हलवलं की डगडगायचा.

"दादा, हे हलतंय."

"नवीन आहे. बसेल आपोआप."

खोटारडा! नवा बूश हलत नसतो, एवढं मलाही कळत होतं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, "लई उपकार झालं" म्हणाला आणि चाक उचलून गेला.

दिवाळीत मेव्हणे आले. त्यांना मुद्दाम माथेरानला नेलं आणि त्याच्याच रिक्षात बसवलं. चाक हूं की चूं न करता फिरत होतं. रिक्षेच्या बाजूनं चालत मी वाटभर टिमकी वाजवली, "कारखान्यातल्या एकाला तरी जमेल का असं?" तो पुढं दांडी धरून ओढत होता आणि मान डोलवत होता.

उतरल्यावर मेव्हणे घोडे बघायला गेले. त्यानं मला चहाला खोलीवर नेलं. बुद्धाच्या तसबिरीपुढं उदबत्त्या जळत होत्या, पितळेच्या एका नळीत खोचलेल्या. आतले कानशीचे ओरखडे मी लगेच ओळखले.

 मी विचारलं, "मग चाकात कुणाचा आहे?"

"कर्जतवाल्याचा. तुमच्याकडनं निघालो तो तसाच गाडीत बसलो."

"मघाशी बोलला का नाहीस?"

"पावण्यांपुढं कशाला, दादा?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बशीत चहा ओतून माझ्यापुढं सरकवला.

"तुमी तीन दिस राबला, मग टाकून कसा देऊ? आमी हितं ठेवला," तो म्हणाला. "पण रिक्षात माणसं बसतात, दादा."