मास्तराची भूक कुठे गेली

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतला मास्तर नव्हे, शिंपी. शाळेशी आमच्या घरात कुणाचंच फारसं जमलं नाही. मी दुसरीत सोडली, त्यानं पाचवीत, आणि पाचवीतून उठून तो जो शिलाई मशीनवर बसला तो छपन्न वर्षांचा झाला तरी तिथंच आहे. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, कापड बेतायचं टेबल, एक उभा आरसा, आणि खिडकीशी काजं-बटणं करणारी बाई. तिला आम्ही काजवाली म्हणतो. ती वीस वर्षं तिथं बसते आणि मास्तराच्या वाट्याचंही तीच बोलते.

मास्तराचं माप घेणं बघण्यासारखं असतं. टेप कमरेला लागली की कुठलाही माणूस श्वास रोखून पोट आत घेतो. मास्तर टेप धरून नुसता उभा राहतो, गिऱ्हाईकाचा दम संपेपर्यंत. मग शांतपणे म्हणतो, "हं, आता आलात तुम्ही." आणि खरं माप लिहितो. कुणी म्हणालं, जरा घट्टच शिवा, मी महिन्याभरात बारीक होणार आहे, तर मान हलवतो आणि हवं तेवढंच सैल शिवतो. वर शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडतो. त्याला माया ठेवणं म्हणतात. माणूस पुढं सुटला की शिवण उसवून कपडा वाढवता येतो. बारीक होऊन परत आलेलं गिऱ्हाईक इतक्या वर्षांत एकच, आणि तेही मोठ्या दुखण्यातून उठलेलं.

असा हा शहाणा माणूस स्वतःच्या बाबतीत कसा फसला, ते सांगते.

मागच्या वर्षी त्याच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. माझ्या भावजयीनं त्याला ओढत दवाखान्यात नेलं. मीही गेले, कारण दवाखान्यातून तो घरी अर्धीच बातमी आणतो. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या थोरल्या नातीएवढ्या, पण बोलायला खमक्या. रक्त तपासून म्हणाल्या, साखर बरीच वाढलीय. गोळ्या देते, पण खाण्यावर लक्ष हवं, चालायला हवं, पोट उतरायला हवं. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. साखर नाही उतरली तर मग इन्सुलिनची इंजेक्शनं, रोज, घरच्या घरी.

मास्तर पांढराफटक पडला. जन्मभर ज्यानं टाचण्या ओठांत धरून काम केलं, त्याला इंजेक्शनच्या सुईचं नाव काढलं तरी घाम फुटतो. लहानपणी शाळेत लस टोचायला माणसं आली तेव्हा हा घरी पळून माळ्यावर चढून बसला होता. मी खालून तासभर समजूत घातली, तरी उतरला नाही. त्या दिवशी दवाखान्यात माळा नव्हता, म्हणून खुर्चीतच बसून राहिला. हळूच विचारलं, पोट किती उतरायला हवं?

डॉक्टरीणबाईंनी त्याचा धंदा ओळखून उत्तर दिलं. "कंबर चार इंच कमी करा, मास्तर. मग बोलू."

इंच म्हटल्यावर तो सावरला. किलो आणि टक्के त्याला परके. इंच घरचे.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवं राज्य आलं. चहातली साखर गेली, मधल्या वेळची बिस्किटं गेली. कापडावर खुणा करायच्या खडूनं त्यानं ताटात एक गोल काढला आणि भावजयीला बजावलं, भात या गोलाच्या बाहेर जाता कामा नये. ती म्हणाली, "बाहेर नाही जाणार, वर जाईल." आणि खरोखर भाताचा सुळका उभा केला. खडू पोटात जाईल म्हणून मी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे गोल पुसला आणि भात वाटीनं मोजायचं ठरलं. सकाळी बागेला चार फेऱ्या सुरू झाल्या. पहिले तीन आठवडे त्याला वाघासारखी भूक लागायची आणि तो वाघासारखाच स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायचा. डब्याचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा, झाकण लावायचं. मला दया यायची. पण सुईची आठवण झाली की त्याचा हात मागे यायचा.

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, तो नवी करडी पॅन्ट घालून दुकानात निघाला. स्वतःसाठी त्यानं कित्येक वर्षांत काही शिवलं नव्हतं. मी म्हटलं, छान बसलीय. तो ताठ चालत गेला. आणि त्याच दिवसापासून त्याची भूक गेली.

दोन घास खाल्ले की हात थांबायचा. चौथ्या घासाला ढेकर. पुढं आग्रह केला तर ताटाकडे असा बघायचा, जसा मी वीजबिलाकडे बघते.

गंमत म्हणजे आधी सगळ्यांना आनंदच झाला. मास्तराला तर वाटलं, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. मन मारायला नको, झाकणं उघडायला नकोत, भूकच नाही. गल्लीत सांगत सुटला, मनावर घेतलं की सगळं होतं. भावजयही दोन दिवस खूश होती. पण हातचं ताट भरलेलं परत यायला लागलं की बाईला आधी राग येतो, मग संशय, मग काळजी. तिचं आठवड्याभरात तिन्ही करून झालं. संशयाच्या दिवसांत मला म्हणाली, "वन्सं, हे बाहेर कुठंतरी चरतायत." मी म्हटलं, बाहेर चरणाऱ्याचे गाल असे बसत नाहीत गं.

सुट्टीच्या दिवशी मात्र तो जेवायचा. पॅन्ट धुऊन दोरीवर वाळत असायची, हा पायजम्यात आरामात बसायचा आणि वाढलेलं सगळं संपवायचा. त्यावरून भावजयीनं निदान केलं की दुकानातच काहीतरी सलतंय. कामाचा ताण असेल, काजवालीशी बिनसलं असेल. मला ते पटलं. आम्हा दोघींची डोकी एकत्र आली की चूक दुप्पट होते.

मग उपाय सुरू झाले. आलं-लिंबू झालं. मोठ्या ताटाऐवजी लहान ताट झालं, म्हणजे अन्न बघूनच दडपायला नको. मी समोर बसून जुन्या गोष्टी सांगायची. तो गोष्ट पुरी ऐकायचा आणि जेवण अर्धं टाकायचा. आम्हाला आधार एकच होता, दुपारचा डबा. तो रोज चाटूनपुसून रिकामा घरी यायचा. रात्री नाही तर नाही, दुपारी जेवतोय ना, असं म्हणून आम्ही दम धरला.

डबा दुकानात पोचवायचं काम माझं. असे अडीच आठवडे गेले. एक दिवस मी डबा टेबलावर ठेवला, तर काजवाली दोऱ्याचं टोक चावत म्हणाली, "ताई, कालच्या भाजीत मीठ जरा कमी होतं."

मी म्हटलं, तुला गं कसं कळलं?

तिनं मान खाली घातली आणि एकाच बटणाला चार वेळा सुई घातली. मग सगळं बाहेर आलं. मास्तर रोज डबा उघडायचा, दोन घास खायचा आणि उरलेला तिच्यापुढं सरकवायचा. घरी काळजी नको आणि अन्न वाया नको. तिला नाही म्हणवेना, कारण भावजयीच्या हाताला चव आहे. अडीच आठवड्यांत मास्तराचे गाल बसले आणि काजवालीचे कपडे दोनदा उसवून सैल करावे लागले. ते केले कुणी? त्यानंच.

मी त्याच्याकडे वळले. विचारलं, साखरेची गोळी घेतोस? म्हणाला, ती एक दिवस चुकवली नाही. मला अक्षरं जेमतेम येतात, पण रिकामं भांडं शेगडीवर ठेवलं तर काय होतं ते साठ वर्षं बघतेय. मी म्हटलं, ऊठ, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल.

"नको ताई," तो म्हणाला. "अजून दीड महिना हातात आहे. आत्ता गेलो आणि त्यांनी सुईच काढली तर?"

असं म्हणून विषय टाळायला तो टेबलाशी गेला आणि कात्री उचलली. कात्री कापडात शिरली आणि वाकडी पळाली. मास्तराची कात्री वाकडी गेलेली मी कधी पाहिली नव्हती. बघते तर त्याचे हात थरथरतायत, कपाळावर घाम, ओठ कोरडे.  काजवाली चटकन उठली, चहासाठी ठेवलेल्या डब्यातली साखर पाण्यात ढवळली आणि त्याला खाली बसवून पाजली. थोड्या वेळानं त्याची नजर जागेवर आली. मग आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी बसून त्याला डब्यातला भात खायला लावला. बोलणं अजिबात नाही. काजवाली एवढा वेळ गप्प बसलेली त्यानं पहिल्यांदाच पाहिली, त्या भीतीनंच जेवला.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. डॉक्टरीणबाईंनी साखर बघितली, सगळं ऐकलं, रिकाम्या पोटी गोळी घेतल्यानं साखर एकदम पडली असं सांगितलं आणि त्याला चांगलाच फैलावर घेतला. मग म्हणाल्या, झोपा, बटण काढा, पोट तपासू.

बटण निघेना. मास्तराचीच पॅन्ट, त्याच्याच दुकानात लावलेलं बटण, आणि त्यालाच निघेना. त्यानं श्वास आत ओढला, मान ताणली, शेवटी कसंबसं निघालं. आत कमरेभर लालभडक वळ. डॉक्टरीणबाई वळाकडे बघत राहिल्या. विचारलं, ही पॅन्ट कुठल्या मापाची?

मास्तर छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, सांग.

"चार इंच कमीची," तो म्हणाला. "तुम्ही दिलेल्या मापाची."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला मापाचा आकडा मिळाला होता, आणि आकडा मिळाला की कापड कापायचं एवढंच त्याला ठाऊक. पॅन्ट तयार ठेवली की पोट आपोआप मापात येईल, असा हिशेब. कंबर तोवर दीड इंच उतरली होती. उरलेले अडीच इंच तो पट्ट्यात कोंबून दिवसभर मशीनवर वाकून बसत होता. अन्नाला आत जायला वाट कुठून असणार? आणि सुट्टीच्या दिवशी पॅन्ट दोरीवर, म्हणून भूक घरात.

मी म्हटलं, "गिऱ्हाईकांचा दम संपेपर्यंत टेप धरून उभा राहतोस, आणि स्वतः अडीच आठवडे श्वास रोखून बसलास?"

डॉक्टरीणबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे मात्र हलत होते. पण पुन्हा वळल्या तेव्हा गंभीर होत्या. म्हणाल्या, सगळा दोष पॅन्टवर ढकलून मी मोकळी होणार नाही. पुन्हा रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढवला, आणि गोळी अर्धी केली. सुदैवानं दुसरं काही निघालं नाही. जाताना त्यांनी मास्तराला एकच गोष्ट ठासून सांगितली. "कमी खाणं वेगळं आणि न खाणं वेगळं. भूक गेली तर दोन दिवसांत मला कळलं पाहिजे. भीती वाटली तर भीतीसकट या."

पॅन्ट सैल करायची म्हटलं तर आत मायाच नव्हती. स्वतःला पळवाट नको म्हणून त्यानं ती कापून टाकली होती. मग काजवालीनं कपाटातून चौकड्यांच्या कापडाचा तुकडा शोधला आणि मागच्या बाजूला पाचर बसली. करड्या पॅन्टवर तांबड्या चौकड्या. मास्तरानं सदरा बाहेर सोडून ती घातली.

भूक काही लगेच धावत आली नाही. दडपलेलं पोट लाजरं झालं होतं. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून भावजयीनं दिवसाचं जेवण पाच भागांत वाटलं. थोडी डाळ, एक उकडलेलं अंडं, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे. जेवणाआधी घटाघटा पाणी प्यायला बंदी. दुपारी मी दुकानातच बसायची आणि डबा संपला की उठायची. काजवाली आपला डबा आपण आणायला लागली आणि आठवडाभर माझ्याशी तुटक बोलली. दहाव्या दिवशी रात्री मास्तरानं रिकामी वाटी पुढं केली आणि विचारलं, अजून आहे का? भावजय पातेल्याकडे वळली ती बराच वेळ तिकडेच तोंड करून राहिली. मग तिनं डावभर भाजी वाढली, विचार केला, आणि अर्धी परत काढून घेतली. त्यावरून दोघांचं जे भांडण झालं, ते महिन्याभरात ऐकलेलं पहिलं चांगलं भांडण.

तीन महिने भरले तसे आम्ही तिघं पुन्हा दवाखान्यात गेलो. रक्त सकाळीच दिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी टेप मागितली, मास्तरानं आपली काढून दिली आणि हात सोडून सरळ उभा राहिला. पावणेतीन इंच. चार झाले नव्हते. त्यानं स्वतःच तसं सांगितलं. त्यांनी रक्ताचा कागद वाचला, पुन्हा वाचला. भावजयीनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

साखर अजून थोडी वर आहे, त्या म्हणाल्या, पण उतरतीला लागलीय. इंजेक्शन नको. गोळ्या चालू ठेवा, असंच खा, असंच चाला.

बाहेर बाकावर पेशंटांची रांग बसली होती. मास्तर त्यांच्यातच जागा करून बसला, घड्याळ बघितलं आणि भावजयीपुढं हात पसरला. अकरा वाजले होते, दुसऱ्या खाण्याची वेळ. ती म्हणाली, घरी जाऊन खा, लोक बघतायत. तो म्हणाला, बघू देत, मला भूक लागलीय. मग तिनं पिशवीतून डबा काढला आणि त्यानं तिथंच बसून, घास घास चावून, सगळा संपवला.