क्लच दाबायला लावणारा मिस्त्री

वारंगा फाट्यावरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलं नाही. हळदीसाठी छोटा ट्रॅक्टर गिअरचा घ्यावा की बिनक्लचचा हायड्रोस्टॅटिक, हे विचारायला आम्ही नवरा-बायको गेलो होतो. त्यानं हात पुसले, ह्यांना एका जुन्या ट्रॅक्टरवर बसवलं आणि वीसदा क्लच दाबायला लावला. बाराव्या वेळी ह्यांचा गुडघा थरथरला.

"मालक, पाय काय म्हणून राहिला?"

"पायाला काय धाड भरली? गिअरचा गावात दुरुस्त होतो, तोच घेऊ," मीच बोलले.

"मावशी, मी मालकाला इचारलं."

हे गुडघा धरून ट्रॅक्टरवरून खाली उतरले. गिअरचाच घेतला. आता ट्रॅक्टर आमचा पुतण्या चालवतो आणि हे बांधावर बसून बघतात. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.