रक्तीचा डबा

आमची भरे गावातली पोल्ट्री बंद पडल्यावर रिकामी शेड मी सिनेमावाल्यांना भाड्याने दिली.

सिनेमे भुताचे नव्हते. भूत परवडलं. यात एक माणूस दुसऱ्याला दीड तास कापत राहतो आणि सिनेमा संपतो. बावधनहून आलेला चष्मेवाला दिग्दर्शक म्हणाला, "काकू, जगभर चालतात हे. लोक आधी शिव्या देतात, मग बंदी घालतात, मग शोधून शोधून बघतात." पहिल्या दोन गोष्टी आमच्या गावाला लगेच जमल्या.

माझी मुलगी त्यांच्याकडे जखमा करायची. मेकअपचा कोर्स केल्यावरचं तिचं पहिलंच काम. चुलत दीर दारात येऊन सांगून गेले, "वहिनी, रविवारी समदी मिळून शूटिंग बंद पाडनार हाय आमी. पोरं बिघडत्यात." म्हणजे तिचं कामही बंद.

रविवारी सकाळी दिग्दर्शकाचा फोन. "काकू, रक्त कमी पडतंय. दोन लिटर मिळेल का कुठे?"

न मिळायला काय झालं? मटणाच्या दुकानात रक्ती असतेच. आम्ही ती कांद्यावर परतून खातो. या वेळी गोठायच्या आत डब्यात भरून घेतली, एवढंच.

शेडच्या दारात दीर दहा-बारा जणांना घेऊन उभे होते. दिग्दर्शक त्यांना कला समजावत होता. मी डबा त्याच्या हातात दिला. त्याने झाकण उघडलं.

"काकू, हे... खरं आहे?"

"मग? सकाळचंच बोकड आहे."

तो पांढराफटक पडला आणि तिथेच आडवा झाला. डबा मी वेळेवर धरला. मुलगी धावत आली. "आई, अगं, पाकात लाल रंग कालवतो आम्ही!"

दीर वाकून बघत राहिले. "ह्यो बिघडवनार व्हय पोरं? ह्याला रक्ती बघवंना!"

सगळे हसले. एकाने दिग्दर्शकाला कांदा हुंगवला. उरलेल्या कांद्यावर मी रक्ती परतली. खाऊन मंडळी शूटिंग बघायला थांबली. संध्याकाळी दीर प्रेत होऊन पडले होते. मुलीने त्यांच्या गळ्यावर असा काप काढला की जाऊबाई किंचाळल्या.

सिनेमा मोबाइलवर आला, ओरड झाली, आणि बराच भाग काढून टाकला गेला. त्यात दिरांचं प्रेतही गेलं. त्या गळ्याचा फोटो दाखवून मुलीने पुढचं काम मिळवलं. दीर मात्र भेटेल त्याला सांगतात, "ही असली कापाकापी बंद झाली पायजे."